सायरनचा प्रश्न

मागच्या बाईंना शहरातला रस्ता न् रस्ता पाठ होता, पण उलटा. अँब्युलन्समध्ये त्यांची खुर्ची ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून, पेशंटच्या उशाशी होती. तिथून दिसायचे पेशंटचे पाय आणि मागच्या दाराची काच, आणि काचेतून दिसायचा तो मागे पडत जाणारा रस्ता. पुढून काय येतंय ते त्यांना कधीच दिसायचं नाही. ब्रेक लागला की कळायचं, काहीतरी आलं होतं. अशी कित्येक वर्षं गेली. अँब्युलन्सच्या केंद्रावर त्यांना सगळे मागच्या बाई म्हणायचे आणि स्टिअरिंगवरच्या माणसाला वस्ताद, कारण केंद्रातल्या निम्म्या ड्रायव्हरांना त्यानेच शिकवलं होतं. बाई आणि वस्ताद एकाच गाडीवर इतकी वर्षं होते की दोघांना बोलायची फारशी गरज पडत नसे. मध्ये पत्र्याचा पडदा होता. बाईंनी त्यावर एक थाप मारली की वस्ताद गाडी हळू घ्यायचा, दोन मारल्या की पळवायचा.

मग केंद्रावर नवे साहेब आले. नवे साहेब काहीतरी नवं काढतातच, पण यांनी काढलं ते शहाणपणाचं होतं, त्यामुळे कोणाला धड शिव्याही देता येईनात. दुसऱ्या एका केंद्रावर ड्रायव्हरला भर रस्त्यात चक्कर आली होती आणि आत पेशंट असताना गाडी कडेला उभी राहिली होती. तेव्हा यापुढे गाडीवर जो बसेल त्याला गाडी चालवता आलीच पाहिजे, असा हुकूम निघाला. आधी लेखी परीक्षा, मग गाडीवरची. ठरलेल्या मुदतीत लेखी पास न होणाऱ्याला गाडीवरून उतरवून फोनच्या खोलीत बसवणार.

फोनची खोली म्हणजे काही काळं पाणी नव्हतं. पंखा होता, खुर्ची होती, वेळेवर चहा मिळायचा. बाईंच्या नवऱ्याने तर ऐकल्याबरोबर सांगितलं, "बरं झालं, कंबर तरी वाचेल तुझी." पण बाईंना ते पटेना. फोनवर माणसाचा आवाज येतो, माणूस येत नाही. घाबरलेल्या माणसाचा हात धरून बसणं हे एकच काम आपल्याला नीट जमतं, असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि तेच काढून घेतल्यावर पंख्याखाली बसून काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

म्हणून अभ्यास सुरू झाला. संध्याकाळी बाई भाजी निवडायला बसल्या की कॉलेजात जाणारी लेक प्रश्नांचं पुस्तक उघडायची. खाटेवर सासूबाई असायच्या. त्यांना दिसायचं कमी, पण कान शाबूत होते.

"पिवळा दिवा लागला. काय कराल?" लेक विचारायची.

"वेग वाढवून निघून जाऊ," बाई म्हणायच्या.

"आई, तू अँब्युलन्स नाहीयेस."

मग लेकीचा पुढचा प्रश्न, "चौकात एकाच वेळी दोन गाड्या आल्या. आधी कोण जाणार?"

"आम्ही."

"अगं, आम्ही म्हणजे कोण?" खाटेवरून सासूबाई. "उजवीकडून येणारा आधी. परवाच सांगितलं की तिने."

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते. बाईंनी रस्ता पाहिला होता तो सायरन लावलेल्या गाडीतून. त्यांच्यासाठी लाल दिवा म्हणजे जरा हळू करून, बघून पुढे जायची जागा होती, आणि इतर गाड्या म्हणजे बाजूला होणारी गर्दी. आपण स्वतः त्या गर्दीतले एक आहोत असं समजून उत्तर द्यायचं, हे काही केल्या अंगवळणी पडेना. पहिल्या परीक्षेत त्या सपशेल आपटल्या. सासूबाई बसल्या असत्या तर पास झाल्या असत्या, असं लेक म्हणाली. सासूबाईंनी ते दोन दिवस शेजारीपाजारी सांगितलं.

दुसऱ्या खेपेला बाईंनी कंबर कसली. गाडीवर मोकळा वेळ मिळाला की वस्ताद प्रश्न घालायचा आणि बाई उत्तरं द्यायच्या. हळूहळू ती गर्दीतली गाडी त्यांच्या अंगात शिरली. पिवळ्याला थांबू लागल्या, उजवीकडच्याला वाट देऊ लागल्या, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवू लागल्या. फक्त एका प्रश्नाला गाडी अडायची.

तुम्ही लाल सिग्नलला पांढऱ्या रेषेवर सगळ्यांत पुढे उभे आहात. मागून सायरन वाजवत अँब्युलन्स येते. तुम्ही काय कराल? अ, सिग्नल ओलांडून पुढे जाऊन वाट द्याल. ब, हॉर्न वाजवून इतरांना सावध कराल. क, रेषेमागेच थांबाल, आणि रेषा न ओलांडता जमेल तेवढी वाट द्याल.

"क," सासूबाई म्हणायच्या.

लेक पुन्हा वाचायची. बाई भाजीची देठं मोडत राहायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "अ."

"आई, लाल आहे. आडव्या रस्त्याने गाड्या येत असतात. पुढे गेलीस तर कोणीतरी येऊन आदळेल."

"माहीत आहे मला."

"मग?"

"पुढचा प्रश्न घे."

लेकीला वाटायचं, आईच्या डोक्यात शिरत नाही. वस्तादलाही तसंच वाटत असेल, असं बाई धरून चालल्या होत्या. खरं तर त्या घरात आणि त्या केंद्रात हा प्रश्न बाईंइतका कोणालाच कळलेला नव्हता. कारण त्यांनी तो मागच्या काचेतून पाहिला होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी स्ट्रेचरवर एक वयस्क गृहस्थ होते, छातीत कळ येऊन घामाने चिंब झालेले. दवाखाना एका चौकापलीकडे राहिला होता. गाडी थांबली, सायरनचा आवाज झाला, मग गाडी हिसका देऊन बाजूने निघाली आणि चौक मागे पडू लागला. मागे पडणाऱ्या चौकात बाईंना एक स्कूटर दिसली. गाडीला वाट मिळावी म्हणून तो स्कूटरवाला रेषा ओलांडून पुढे सरकला होता. आडव्या रस्त्याने सामानाचा टेम्पो आला. बाईंनी सगळं पाहिलं. टेम्पोही, स्कूटरही, आणि हवेत उडालेली कापडाची पिशवीसुद्धा. वस्तादला पुढून काही दिसलं नाही. आत पेशंट होता, थांबणं शक्य नव्हतं. बाईंनी वायरलेसवर दुसरी गाडी मागवली आणि पुन्हा त्या गृहस्थांचा हात धरला.

स्कूटरवाला जगला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला. तो शिंपी होता, बाईंच्या घरापासून दोन गल्ल्यांवर त्याचं दुकान होतं आणि केंद्रावरची सगळी मंडळी गणवेश त्याच्याकडूनच बेतून घ्यायची. बाई सोडून. बाई आपला गणवेश घरीच हाताने आवळायच्या. सासूबाई कुरकुरायच्या, "एवढा जवळ शिंपी असताना डोळे कशाला फोडतेस?" त्यावर बाई सुईत दोरा ओवायच्या.

तर हे असं होतं. क म्हणजे रेषेमागे थांबायचं. म्हणजेच जो थांबला नाही त्याचं चुकलं. पुस्तकाच्या हिशोबाने चूक त्या शिंप्याची. पण त्या बिचाऱ्याला पुढे कोणी ढकललं? मागून कानात ओरडणाऱ्या सायरनने. बाईंच्याच गाडीच्या सायरनने. ज्याने आपल्या पेशंटसाठी पाय दिला त्याच्याच नावावर चूक मांडून आपण मार्क मिळवायचा, हे बाईंच्याने होईना. परीक्षेपुरतं क दाबून मोकळं व्हायला काय हरकत होती, असं कोणीही विचारेल. बाईंनीही स्वतःला विचारलं होतं. पण बोट तिकडे जायचं नाही.

दुसऱ्या परीक्षेत तो प्रश्न आला. बाईंनी अ दाबलं. एका मार्काने नापास झाल्या.

मुदतीआधी आता एकच खेप उरली होती. साहेबांनी बोलावून समजुतीच्या स्वरात सांगितलं, फोनच्या खोलीतही अनुभवी माणूस लागतंच. म्हणजे त्यांनी खुर्ची पुसूनच ठेवली होती. त्या दिवशी काम संपल्यावर वस्ताद अंगणात गाडी धूत होता आणि बाई आतली स्ट्रेचरची गादी पुसत होत्या. पुसता पुसता त्या म्हणाल्या, "मी तिसऱ्यांदा बसत नाही. फोनवर जाते."

वस्तादने पाइप बाजूला ठेवला. "एका मार्कासाठी?"

"तो एक मार्क मला मिळायचा नाही."

"ताई, सरळ सोपा प्रश्न आहे. एवढ्याशा गोष्टीवर अडून बसता?"

एवढ्याशा हा शब्द बाईंना झोंबला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम वर आलं. त्या गाडीतून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "एवढीशी? तुम्हाला एवढीशी वाटणारच. तुम्ही पुढे बघत होतात. मागे काय झालं ते मी पाहिलं. तो माणूस रेषेवर मुकाट उभा होता आणि तुम्ही त्याच्या कानाशी सायरन लावलात. घाबरून सरकला तो. आणि आता पुस्तक म्हणतं त्याची चूक, आणि मी तिथे क दाबून पास व्हायचं?"

वस्तादने हातातलं फडकं दोनदा पिळलं. मग म्हणाला, "आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट घोकून घेतात. पुढे लाल आहे, समोरचा रेषेवर अडकलाय आणि बाजूने वाट नाही, तर सायरन बंद करायचा. नाहीतर माणूस गडबडतो आणि चौकात घुसतो. पुस्तकात समोरच्याला काय करायचं ते लिहिलंय. मागच्याने काय करायचं ते आमच्या ट्रेनिंगमध्ये आहे."

"मग केलात का बंद?"

"केला होता."

"खोटं बोलू नका, वस्ताद."

"केला होता, ताई. बाजूला एक बस होती. ती पुढे सरकली की वाट होणार होती. मी सायरन बंद करून थांबलो." त्याने गाडीतल्या पत्र्याकडे बोट केलं. "मग तुम्ही थाप मारलीत. दोन."

बाई म्हणणार होत्या की नाही मारली. पण तोंड उघडायच्या आत त्यांना ती शांतता आठवली. गाडीत एकाएकी पसरलेली शांतता. गृहस्थांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं, डोळे पांढरे व्हायला लागले होते, आणि नेमका त्याच वेळी सायरन थांबला होता. बाईंना वाटलं होतं, गाडी बंद पडली. किंवा वस्तादचं लक्ष नाही. मोकळ्या हाताने त्यांनी पत्र्यावर जीव खाऊन दोन थापा मारल्या होत्या. त्यानंतर सायरन वाजला होता. याच क्रमाने. इतकी वर्षं त्यांनी फक्त सायरन लक्षात ठेवला होता.

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"बोलून काय करायचं होतं? तुमच्या हातात मरणारा माणूस होता, तुम्ही थाप मारणारच. ऐकून न ऐकल्यासारखं करणं माझं काम होतं. बोट माझं होतं बटणावर." त्याने पुन्हा पाइप उचलला. "आणि मला पुढून काही दिसलं नाही, हे तुम्ही ठरवलंत. आरशात दिसतं, ताई. सगळं दिसतं."

बाई घरी गेल्या. दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. लेकीने पुस्तक उघडलं की त्या उठून मोरीत जायच्या. सासूबाईंनी आवाजावरून ओळखलं की काहीतरी बिनसलंय, पण त्याही गप्प राहिल्या, आणि सासूबाई गप्प राहिल्या म्हणजे प्रकरण साधं नाही हे घरातल्या सगळ्यांना कळलं. परीक्षा तीन दिवसांवर आली. बाईंच्या मनात एकच घोळत होतं. आता तर फोनची खोलीही आपल्या लायकीपेक्षा जास्तच झाली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गणवेशाचा शर्ट पिशवीत घातला आणि शिंप्याच्या दुकानात गेल्या.

दुकान लांबट, बोगद्यासारखं. एका भिंतीला शिवलेले कपडे टांगलेले, दुसऱ्या बाजूला मशीन. मशीनला मोटर बसवलेली होती आणि तिचं बटण शिंप्याच्या डाव्या पायाखाली होतं. उजवा पाय टेबलाबाहेर सरळ, फळी टाकावी तसा पसरलेला होता. येणारं गिऱ्हाईक त्याला वळसा घालूनच आत यायचं. बाईंनीही घातला.

"केंद्रातल्या का?" शिंप्याने शर्टाकडे बघून विचारलं. "तुम्हाला कधी पाहिलं नाही."

"मी येत नव्हते. मुद्दाम."

त्याने मान वर केली. बाई घोकून आणलेली सगळी वाक्यं विसरल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "चौकात तुमचा अपघात झाला तेव्हा मागे जी गाडी होती, तिच्यात मी होते."

शिंप्याने मशीनवरचा हात काढला. रागावेल, उठवून लावेल, असं काहीतरी बाईंना वाटत होतं. त्याने वेगळंच विचारलं. "आत कोण होतं?"

"वयस्क गृहस्थ होते. छातीचा त्रास."

"वाचले?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. हो म्हटलं असतं तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं, उलट समोरच्या माणसाला बरंच वाटलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, तो ते हो ऐकायला इतकी वर्षं बसला होता. पण मागच्या दोन दिवसांत बाईंचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासच उडाला होता, आणि त्यात आणखी एका खोट्याची भर घालायची त्यांची हिंमत नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "दवाखान्याच्या दारात गेले."

समोरच्या कापडातून निघालेला एक दोरा शिंप्याने बोटाला गुंडाळला आणि सोडला. "मी घरात सांगत आलोय," तो म्हणाला, "पाय गेला तर गेला, पण कोणीतरी जगलं. मुलांना सांगितलं. बायकोला सांगितलं. स्वतःलासुद्धा." मग त्याचा आवाज चढला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे येऊन सांगायला?"

"कोणी नाही."

"मग कशाला आलात?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. थाप, शांतता, सायरन, परीक्षा, तो प्रश्न, एक मार्क. काही लपवलं नाही आणि रडल्याही नाहीत, कारण या माणसासमोर रडण्याचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना स्पष्ट वाटत होतं. शिंप्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो हसला, पण त्या हसण्यात ओलावा नव्हता.

"म्हणजे पुस्तकात माझी चूक आहे."

"हो."

"मग लिहा की. माझं नाव काय त्या पुस्तकात छापलेलं नाही. चूक होतीच माझी. लाल होता, दिसत होता, तरी गेलो. मागून आवाज आला आणि डोकं बंद झालं." तो पायाकडे बघत म्हणाला. "आता गेलो नसतो. बाजूला सरकलो असतो, पण रेषेच्या पुढे नाही. हे मला सहा महिने खाटेवर पडल्यावर कळलं, तुम्हाला परीक्षेत फुकट कळतंय, तर तुम्ही ते चुकीचं लिहिता."

"माझ्यामुळे झालं, म्हणून मी..."

"म्हणून तुम्ही फोनवर जाऊन बसणार. त्याने माझा गुडघा वाकतो का?" त्याने गुडघ्यावर हात आपटला. "पास झालात तर सायरनचं बटण कोणाच्या हातात येणार?"

"कधीतरी माझ्या."

"आणि नापास झालात तर? ज्याला असलं काही माहीत नाही अशा कोणाच्या तरी. उद्या लाल दिव्याला माझ्यासारखा गोंधळलेला कोणीतरी पुढे उभा असेलच ना. त्याच्या मागे कोण असायला हवंय?" त्याने शर्ट ओढून घेतला आणि बाईंनी घरी घातलेले टाके उलटून पाहिले. "हे असं शिवतात? परवा न्यायला या."

परीक्षेचा दिवस. वस्तादने रजा टाकली होती आणि आपली गाडी घेऊन सोडायला आला होता. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, दोघांमधली ती जुनी न बोलण्याची सवय आता जरा अवघडलेली होती. परीक्षेची खोली कॉम्प्युटरांची, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. बाईंच्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा बसला होता. त्याचे प्रश्न भराभर सुटत होते, कारण माउसचा टकटक आवाज थांबत नव्हता. बाई मात्र दर प्रश्न दोनदा वाचत होत्या.

प्रश्न येत गेले. पिवळा दिवा. अंतर. उजवीकडचा. धुक्यातले दिवे. दोन ठिकाणी बाई अडखळल्या, एक नक्की चुकला असं त्यांना वाटलं. निम्मे झाले तरी तो आला नव्हता. या खेपेला येणारच नाही की काय, असं वाटून त्यांना क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. आणि मग पडद्यावर तो आला. तेच शब्द, तीच पांढरी रेषा, तेच तीन पर्याय.

बाईंनी हात माउसवर ठेवला. आतून दोन थापा ऐकू आल्यासारख्या वाटल्या. यात शिंपी कुठेच नव्हता. रेषेवर उभं राहिलेलं कोणीही होतं. कोणाची तरी लेक, कोणाचा तरी नवरा, मागून ओरडणाऱ्या गाडीला घाबरलेलं माणूस. त्याला काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता. आणि त्याला एकच सांगण्यासारखं होतं. बाबा, रेषा ओलांडू नकोस, मागचे काय करायचं ते करतील. बाईंनी क दाबलं. पडद्याने काही म्हटलं नाही, पुढचा प्रश्न आणला.

शेवटी निकाल पडद्यावरच आला. पास. पासापुरतेच मार्क होते, एकही जास्त नाही.

बाहेर वस्ताद गाडीला टेकून उभा होता. बाईंचा चेहरा बघून त्याला कळेना. "काय?"

"झाले पास."

त्याने हात जोडून कपाळाला लावले, मग ओशाळून खाली घेतले. "आला होता का तो?"

"आला होता. क दाबलं." मग बाई म्हणाल्या, "वस्ताद, गाडीवरची परीक्षा झाली की मला तुमचं ते ट्रेनिंग करायचंय. सायरन कधी बंद करायचा ते. सगळं शिकायचंय." वस्तादने नुसती मान हलवली, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

संध्याकाळी बाई शर्ट आणायला गेल्या. शिंप्याने बघून न बघितल्यासारखं केलं. भिंतीवरचा शर्ट काढला, घडी केली, कागदात गुंडाळला. टाके बारीक, एकसारखे, बाईंच्या टाक्यांचा मागमूस नव्हता.

"काय झालं?"

"पास."

"हं." त्याने पुडकं पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही. "त्यांचं नाव काय होतं?"

"कोणाचं?"

"जे गेले त्यांचं."

बाईंना विचार करावा लागला नाही. दर महिन्याला नवी माणसं यायची आणि जुनी नावं पुसली जायची, पण हे नाव त्यांना लख्ख पाठ होतं. त्यांनी ते आडनावासकट सांगितलं. आणि पुढे म्हणाल्या, "त्यांची मुलगी आली होती. तिने विचारलं, शेवटी कोणी जवळ होतं का. मी म्हटलं, हो, मी हात धरून बसले होते."

शिंप्याने ते नाव एकदा हळू उच्चारलं, नव्या गिऱ्हाइकाचं नाव म्हणून पाहावं तसं. मग पुडकं सोडलं.

"घरी काय सांगायचं ते बघतो," तो म्हणाला, आणि डाव्या पायाने मशीन चालू केलं.